भोयर मॅडम सांगणार नाहीत

भोयर मॅडम स्वतःच्याच वर्गात शिरताना दार वाजवायच्या. दोन बोटांनी, टकटक. मग जरा थांबून "आ जाऊँ?" असं विचारायच्या, आणि आतून चाळीस पोरं "आइए मैडम" म्हणून ओरडली की मगच पाऊल आत टाकायच्या. मी आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि मला वाटलं, बाईंचं डोकं काही ठिकाणावर नाही. शिक्षक कधी दार वाजवतो का? आमचे मास्तर तर चपला हातात घेऊन मागच्या दारानं यायचे आणि आम्हाला कळायचं ते थेट पाठीत धपाटा बसल्यावर.

मी विचारलंच त्यांना. जबलपूरच्या त्या शाळेत मराठी बोलणाऱ्या शिक्षिका आम्ही दोघीच, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याशी नको तितकी सलगी केली होती. त्या म्हणाल्या, "काय आहे स्मिता, आत चाळीस माणसं बसून राहिली. कोणी नाक कोरून राहिला असेल, कोणी रडून राहिली असेल. दोन सेकंद दिले का आपापलं आवरतात. मले काय करायचं ते पाहून?"

"मले काय करायचं" आणि "तुले काय करायचं" या दोन वाक्यांवर बाईंचं निम्मं आयुष्य चाललं होतं. स्टाफरूममध्ये कुणाच्या मोडलेल्या साखरपुड्याचा विषय निघाला की पहिलं वाक्य. मी विचारलं, "मॅडम, ती सातवीतली पोरगी हल्ली डबा का नाही आणत हो?" की दुसरं वाक्य. आणि दुसऱ्या दिवशी मॅडमच्या स्टीलच्या डब्यात दोन पोळ्या जास्त असायच्या. त्या कुठे जायच्या ते मी कधी पाहिलं नाही. मधल्या सुट्टीची पहिली दहा मिनिटं मॅडम दिसायच्याच नाहीत.

दिसायला अगदी साध्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, सुती साडी, हातात पुरुषी मोठं घड्याळ. गावातल्या सदर भागात दोन खोल्यांत राहायच्या आणि तिथून चालत शाळेला यायच्या. उन्हाळ्यात डोक्यावर ओला रुमाल. विज्ञान शिकवायच्या, सहावीला आणि नववी-दहावीला. निकालाच्या दिवशी खव्याची जलेबी आणायच्या, सगळ्या वर्गाला, पास-नापास सगळ्यांना सारखी. आणि उत्तरपत्रिकेवर गुण कधी पहिल्या पानावर लिहायच्या नाहीत. आतल्या पानावर, कोपऱ्यात, बारीक. पेपर घडी करून हातात द्यायच्या. शेजारच्याला दाखवायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

त्यांचा एक नियम मात्र साऱ्या शाळेला माहीत होता. वहीचं शेवटचं पान पोराचं. तिथं काहीही लिहा, चित्रं काढा, शिव्या लिहा, मॅडम ते उघडणार नाहीत. वह्या तपासायला आल्या की त्या आधी सगळ्या वह्यांची शेवटची पानं दुमडून त्यांना टाचण्या लावायच्या आणि मगच लाल पेन उघडायच्या. पालक चिडायचे, कागद फुकट जातो म्हणून. बाई ढिम्म.

या पानापायी मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले आहे. नवीन होते, मॅडम तापानं आजारी होत्या म्हणून त्यांच्या सहावीच्या वह्या मी तपासायला घेतल्या. कीर्ती नावाच्या पोरीच्या वहीची टाचणी काढली. खोटं कशाला बोलू, मुद्दाम काढली. आत तिनं पीटीच्या सरांवर चार ओळींची कविता केली होती, त्यांच्या पोटावर. मी ती स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. हशाच हशा. पीटीचे सर पण हसले, जरा उशिरा. मॅडम परत आल्या, त्यांना कळलं, आणि आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. एक अक्षर नाही. मी चहा नेऊन दिला तर प्यायल्या, पण कप ठेवून निघून गेल्या. नवव्या दिवशी म्हणाल्या, "माझी नको मागू माफी. जिची वही, तिची माग."

अकरा वर्षांच्या पोरीची माफी! मी पोस्ट ग्रॅज्युएट! पण गेले. मैदानाच्या कडेला तिला गाठलं आणि म्हटलं, "कीर्ती, मैंने तुम्हारा आखिरी पन्ना पढ़ लिया. सॉरी." ती पोरगी माझ्याकडे बघत राहिली आणि मोठ्या मनानं म्हणाली, "कोई बात नहीं मैडम, आप नई हैं."

हे सगळं आधी सांगितलं, कारण आता जे सांगणार आहे त्यात मी चांगली दिसत नाही.

एका वर्षी आमच्या डायरेक्टर साहेबांनी प्रत्येक वर्गात कॅमेरा बसवला. शहरातल्या बाकी शाळांनी नुसते कॅमेरे बसवले होते, आमचे साहेब एक पाऊल पुढे गेले. चित्र थेट पालकांच्या मोबाईलवर. घरी बसून पाहा, तुमचा मुलगा वर्गात काय करून राहिला. आवाज नाही, फक्त चित्र. हे सगळं जोडून देण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि मी कॉलर ताठ करून ते केलं. वर्तमानपत्रात छोटी बातमी आली, फोटोत साहेबांच्या मागे माझा अर्धा चेहरा होता, तो मी कापून ठेवला.

पासवर्डचा प्रश्न आला. प्रत्येक पालकाला वेगळा द्यायचा तर कोण लक्षात ठेवणार? रोज शंभर फोन, "मैडम, भूल गए." मी विचार केला, सगळ्यांना एकच द्यावा, आणि असा द्यावा की जबलपूरचा माणूस मेला तरी विसरणार नाही. म्हणून ठेवला, इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता: नर्मदेहर. आपल्या अकलेवर मी फार खूश होते. जे गाव दिवसातून दहा वेळा एकमेकांना नर्मदे हर म्हणतं, त्या गावात मी तेच शब्द कुलूप म्हणून लावले होते!

कॅमेरा लागल्यावर पहिल्या दिवशी मॅडम वर्गात शिरल्या, वर पाहिलं आणि तासानंतर माझ्याकडे आल्या.

"यातून कोण पाहतं?"

"पालक."

"कोणाचे?"

"सगळ्यांचे."

"म्हणजे एकाच्या आईले बाकीची एकोणचाळीस पण दिसतात?"

"दिसतात, पण प्रत्येक जण आपल्याच मुलाकडे बघेल ना मॅडम!"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "स्मिता, तू वरातीत फक्त नवरदेवाले पाहतेस का?"

मग त्या साहेबांकडे गेल्या. मी बाहेरच होते, दार उघडं होतं. साहेब गोड आवाजात म्हणाले, "मैडम, जिसे कुछ छुपाना नहीं, उसे क्या डर?" मॅडमनी खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "सर, यहाँ क्यों नहीं लगा?" साहेब म्हणाले, "यहाँ गोपनीय काम होता है." मॅडम म्हणाल्या, "मेरे यहाँ भी." आणि उठून आल्या. साहेबांनी नंतर चपराश्याला विनाकारण झापलं.

पहिले पंधरा दिवस गंमतच झाली. पोरं केस विंचरून यायला लागली. सदरमधल्या एका फौजी घरच्या बाई रोज अकराला फोन करायच्या, "मेरे बेटे ने सुबह से पानी नहीं पिया." एक आजोबा दुपारी कंटाळा आला की गणिताचा तास पाहायचे आणि सर फळा नीट पुसत नाहीत म्हणून तक्रार करायचे. आम्ही हसायचो. मॅडम हसायच्या नाहीत. डबा खाताना एक दिवस म्हणाल्या, "आज पण कोणी काही विचारलं नाही."

"काय विचारलं नाही?"

"प्रश्न. माझ्या तासाले प्रश्न बंद झाले. चुकीचं उत्तर पण कोणी देऊन नाही राहिलं. सगळे बरोबर तेवढंच बोलतात, नाहीतर चूप."

मी म्हटलं, "बरं आहे की, शिस्त लागली." त्यांनी डबा बंद केला. नंतर मला एका पोरानं सांगितलं की फळ्याशी चुकलं, उभं राहावं लागलं, की संध्याकाळी घरी पहिला प्रश्न असतो, आज काहून उभा होता रे? चुकायचीच चोरी झाली होती. चुकल्याशिवाय विज्ञान शिकायचं कसं, ते मला आजही माहीत नाही.

आणि मग पल्लवी राऊतचं झालं.

पल्लवी नववी-ब मधली. शहरातल्याच गढा भागात तिच्या वडिलांची पिठाची चक्की. प्रश्न विचारून मॅडमचं डोकं खाणारी पोरगी, कॅमेरा लागल्यावरही तिचे प्रश्न सगळ्यांत शेवटी बंद झाले. एक दिवस प्रयोगाच्या तासाला ती आणि तिच्या गटातला अंकित नावाचा मुलगा, दोघं हसले. साधे नाही, पोट धरून. पल्लवीनं हसता हसता त्याच्या पाठीवर थाप मारली. बस, एवढंच. मॅडम तिथंच उभ्या होत्या, पण कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, त्यामुळे त्या दिसत नव्हत्या.

हे पाहिलं कुणी? पल्लवीच्या काकांनी, तिकडे सिहोरा गावात, धान्याच्या दुकानात बसून. त्यांचं एकही पोर आमच्या शाळेत नव्हतं. पण पासवर्ड भावाच्या घरून सिहोऱ्याला पोचला होता, आणि नसता पोचला तरी त्यांनी तिसऱ्या खटक्यात ओळखला असता, माझी कृपा. त्यांनी ते वीस सेकंदांचं चित्र उतरवून घेतलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, दादा, पोरीकडे लक्ष आहे का?

आवाज नसला की माणसं पदरचा आवाज भरतात. सिहोऱ्यात एक भरला, गढ्यात दुसरा, पल्लवीच्या मामाकडे तिसरा. पल्लवी शाळेत यायची बंद झाली. पाचव्या दिवशी राऊत स्वतः आले आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज देऊन गेले. दहावी घरूनच करेल म्हणाले. साहेबांनी अर्ज टेबलावर ठेवला. सोमवारी सही करणार होते, आणि एकदा सही झाली की पोरगी चक्कीवर पीठ मोजत बसणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

माझ्या हुशारीनं एका पोरीची शाळा जात होती, आणि बातमीचं कात्रण माझ्या कपाटात होतं. लाज वाटली. मी मॅडमना म्हटलं, "चला गढ्याला. तुम्ही तिथं उभ्या होत्या, तुम्हाला माहीत आहे ते का हसले. सांगून टाका, विषय संपेल."

मॅडम आल्या.

चक्की सुरू होती, दोन बायका डबे घेऊन रांगेत उभ्या. राऊत पिठानं पांढरे झालेले. मॅडमना पाहून घाईनं चक्की बंद करायला गेले. मॅडमनी हातानं थांबवलं. "चालू राहू द्या भाऊ. बंद केली का सगळे ऐकतील." त्यामुळे पुढचं सगळं बोलणं आम्ही त्या घरघराटात एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत केलं. आतल्या दाराशी पल्लवी उभी होती, हातात पिठाचं माप. तिनं मॅडमना नमस्ते केलं नाही, नुसती बघत राहिली.

"पोरगी वाईट आहे म्हणून नाही म्हणून राहिलो मॅडम," राऊत ओरडले. "पण लोकांनी पाहिलं ना!"

"काय पाहिलं?"

"हसताना पाहिलं!"

"मग?"

राऊतांनी कपाळावरचा घाम पुसला, त्याचा लगदा झाला. "तुम्ही होत्या ना तिथं? सांगून द्या ना काहून हसली ते. मी आत्ताच्या आत्ता भावाले फोन लावतो. विषय खतम."

मी मनात म्हटलं, सुटलो! आणि मॅडम म्हणाल्या, "नाही सांगणार."

मी त्यांना कोपरानं ढोसलं. अहो, काय करून राहिल्या! राऊतांचा चेहरा उतरला. म्हणाले, "म्हणजे सांगण्यासारखं नाही?"

"सांगण्यासारखं आहे. एका मिनिटात तुम्ही पण हसाल, असं आहे. पण ते माझं नाही. आज हसण्याचा खुलासा दिला तर उद्या तुम्ही रडण्याचा मागाल, परवा गप्प बसण्याचा. पोरीले विचारलं का?"

"विचारलं ना! चार दिवस विचारून राहिलो. म्हणते, ती अंकितची गोष्ट आहे, मी काहून सांगू?"

मॅडमनी पल्लवीकडे पाहिलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांचे डोळे भरलेले तेव्हाच पाहिले. मग त्या राऊतांच्या कानाशी वाकल्या, पण आवाज इतका चढला की चक्कीवरून मलाही ऐकू आला. "भाऊ, एक वाक्य बोलली असती तर सुटली असती पोरगी. दुसऱ्याची गोष्ट म्हणून नाही बोलली. शाळा सोडायले तयार झाली. असं पोटात ठेवणारं माणूस तुमच्या घरात आहे, आणि तुम्ही तिच्यावर पाळत ठेवून राहिले?"

राऊतांनी पुढच्या बाईचा डबा घेतला आणि गहू ओतायला लागले. मॅडम एवढंच म्हणाल्या, "शनिवारी पालक सभा आहे. या." आणि निघाल्या.

ऑटोत मी फार बोलले. नको तेवढं बोलले. तत्त्व घेऊन बसा, तोवर पोरीचं वाटोळं होईल, असंही बोलले. त्या ऐकत होत्या. मग मी म्हटलं, "मी सांगू काय करायचं? सभेत पालकांना कॅमेऱ्यात पकडू, आणि सोमवारी मोठ्या पडद्यावर मुलांना दाखवू. जांभया देणारे, नाक कोरणारे. मग कळेल."

"मग तुझ्यात आणि सिहोऱ्याच्या काकात फरक काय राहिला?" त्या म्हणाल्या. सदर आलं. उतरताना थांबल्या. "शनिवारी कॅमेरे सुरू असतात ना?"

"असतात. सहा दिवस, सकाळी आठ ते चार."

"अच्छा," म्हणाल्या आणि गेल्या.

आमची पालक सभा म्हणजे मच्छीबाजार असतो. फीपासून बसपर्यंत सगळे एकदम ओरडतात. त्या शनिवारी मुलांना सुट्टी होती, पालक नववी-ब च्या वर्गात मुलांच्या बेंचवर अंग चोरून बसले होते. कुणी चपला काढून पाय वर घेतलेले, कुणी नवऱ्याला कोपऱ्यात घेऊन फैलावर घेत होतं. राऊत शेवटच्या बेंचवर, अंगावर धुतलेला शर्ट, कानामागे तरी पीठ राहिलेलंच. साहेब समोर खुर्चीवर. मी बाजूला, तारांपाशी.

मॅडम उठल्या. "नमस्ते. शुरू करने से पहले एक बात बता दूँ. ऊपर कैमरा चालू है, जैसे रोज़ रहता है. पासवर्ड आप सबके घर में है, बच्चों को भी मालूम है. आज उनकी छुट्टी है. देख रहे होंगे. अब पूछिए, किसको क्या पूछना है." आणि खाली बसल्या.

काय सांगू! पाय खाली आले. पदर सारखे झाले. ढेऱ्या आत गेल्या. नवऱ्याला झापणारी बाई एकदम मंद हसायला लागली आणि नवरा तिच्याहून जास्त. साहेबांनी केसांवरून हात फिरवला. आणि वर्ग गप्प झाला. मच्छीबाजार पार गप्प. मॅडमनी विचारलं, "कोई सवाल?" नाही. पंख्याचा आवाज. दोन मिनिटं गेली, मॅडम हातावरचं ते मोठं घड्याळ बघत बसल्या. कुणाच्या पोटात प्रश्न नव्हते असं नाही, सगळ्यांच्या तोंडावर दिसत होते, पण वर तो काळा डोळा, आणि त्यापलीकडे घरी बसलेलं आपलं पोर.

मग मागून बेंच सरकला. राऊत उभे राहिले. "मैडम, मेरे को पूछना है. पर पहले वो बंद कराइए." त्यांनी वर बोट केलं.

मी सवयीनं म्हणून गेले, "आवाज़ नहीं जाती भैया, सिर्फ तस्वीर जाती है."

"तस्वीर से ही तो सब हुआ है मैडम!" राऊत म्हणाले. "सिहोरा में मेरा भाई देख रहा होगा. मुँह तो दिखता है ना मेरा!"

हशा पिकला. पण वाईट हशा नव्हता तो. मॅडम हसल्या नाहीत. फार हळू विचारलं, "क्यों राऊत जी? आप कोई चोरी कर रहे हैं?"

"चोरी काहे की? अपनी बात है. अपनी बात सबके सामने..." आणि राऊत बोलता बोलता थांबले. तोंड उघडंच राहिलं. त्यांना कळलं आपण काय बोलून राहिलो ते. मी ते त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं, आणि पुढच्या बेंचवरची एक-एक मान मागे वळून ते बघत होती.

मॅडम म्हणाल्या, "इस कमरे के बच्चे तीन महीने से यही कहना चाहते हैं. बस, उनको 'बंद कराइए' बोलने की इजाज़त नहीं है."

मी साहेबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हिंमत झाली नसती. वाकले आणि भिंतीतून वायर उपटली. लाल दिवा गेला.

मला वाटलं आता राऊत पोरीचं प्रकरण काढणार. त्यांनी विचारलं, "मेरी लड़की साइंस में कैसी है?"

"बहुत पूछती थी," मॅडम म्हणाल्या. "जो मुझे नहीं आता, वो भी पूछती थी. अब कुर्सी खाली है."

राऊतांनी मान हलवली, बसले. आणि मग जो काही गलका उठला! फौजी घरच्या बाई उठून म्हणाल्या की माझा मुलगा आता घरी पण काही सांगत नाही, म्हणतो तुम्ही तर पाहिलंच असेल. एक वडील म्हणाले, मी दुकान सोडून दिवसभर हेच बघत बसतो, मला स्वतःचाच राग येतो. सगळेच काही पटलेले नव्हते. सुरक्षेचं काय, असं दोघं-तिघं शेवटपर्यंत विचारत होते, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, फाटकावर लावा, जिन्यात लावा, मी स्वतः स्टूल धरते. वर्गात नको. सभा संपल्यावर राऊत साहेबांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "वो कागज़ वापस दे दो साहब." अर्ज चार घड्या करून खिशात घातला.

सोमवारी पल्लवी आली. प्रार्थनेला तिच्या वेणीला पीठ लागलेलं होतं. अंकित तिच्याशी दोन दिवस बोलला नाही, मग बोलायला लागला. ते दोघं का हसले होते ते मला आजतागायत माहीत नाही. मॅडमना मी पुढे तीनदा विचारलं. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

सगळं एका दिवसात सरळ झालं, असं मात्र नाही. साहेबांनी मला खोलीत बोलावून असं काही सुनावलं की मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. मोबाईलवरचं चित्र त्याच आठवड्यात बंद झालं, कारण पालकांनीच लेखी मागणी केली, त्यात पहिली सही राऊतांची. वर्गातले कॅमेरे निघायला दिवाळी उजाडली. दोन वर्गांतले तर साहेबांनी परीक्षेचं कारण सांगून वर्षभर ठेवले. सिहोऱ्याचे काका अजून भावाशी नीट बोलत नाहीत म्हणे. पण नववी-ब मध्ये आधी एक प्रश्न आला, मग दोन, आणि डिसेंबरात मॅडम डबा उघडता उघडता तक्रार करायला लागल्या की ही पोरं धडा पुरा करू देऊन नाही राहिली. ती तक्रार त्या इतक्या आनंदानं करायच्या की मला हसू यायचं.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी खाली मैदानात मांडव, हार, फोटोवाला, सगळं तयार. साहेबांनी भाषण लिहून आणलेलं, त्यात बाईंच्या शिस्तीचं कौतुक होतं. वेळ झाली तरी बाईंचा पत्ता नाही. मला पाठवलं शोधायला.

जिना चढतानाच आवाज आला. पोरं आता दहावी-ब मध्ये गेली होती. दार अर्धवट उघडं होतं. मॅडम मागच्या बेंचवर पोरींच्या मध्ये दाटीवाटीनं बसलेल्या, चष्मा काढून हातात घेतलेला, आणि हसत होत्या. हसत म्हणजे काय, हसून हसून डोळ्यांतून पाणी, एका हातानं बेंच धरलेला. फळ्याशी पल्लवी खडू घेऊन उभी, तीही हसून वाकलेली. सगळा वर्ग खिदळत होता, अंकित तर टेबलावर डोकं टेकून हसत होता. फळ्यावर काहीतरी काढलं होतं आणि अर्धं पुसलं होतं, मला कळेना ते काय आहे.

"काय झालं हो मॅडम एवढं?" मी दारातून विचारलं.

वर्ग एकदम शांत. चाळीस जणांनी एकमेकांकडे पाहिलं. पल्लवीनं हात पाठीमागे नेऊन उरलेलं पुसलं आणि म्हणाली, "कुछ नहीं मैडम." भोयर मॅडमनी पदरानं डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले, आणि त्यांचे खांदे पुन्हा हलायला लागले.

मी दार ओढून घेतलं. मागे पुन्हा हशा फुटला. खाली जाऊन साहेबांना सांगितलं, येतील, दहा मिनिटं लागतील, महत्त्वाचं काम चाललंय.